के लहान असेल तर

परवा जुनी वही चाळताना एक पान निघालं. त्यावर १७ ठिपके, त्यांच्यामधून गेलेल्या वेड्यावाकड्या रेषा, काही ठिपक्यांवर पेन्सिलने मारून परत खोडलेल्या फुल्या आणि कोपऱ्यात दोनदा गिरवलेलं ‘के = ४?’. पान बघितल्याबरोबर ती सगळी दुपार डोळ्यासमोर आली, कारण त्या दुपारी माझ्या डोक्यातला ‘अवघड’ या शब्दाचा अर्थच बदलला होता.

तेव्हा माझं काम होतं नोंदी साफ करायचं. मोजमापांच्या हजारभर नोंदी, त्यातल्या काही एकमेकींना खोटं पाडणाऱ्या, म्हणजे ही खरी असेल तर ती खरी असूच शकत नाही अशा जोड्या. कुठली खरी हे कळायला काही मार्ग नाही, मग ठरलं की कमीत कमी नोंदी काढून टाकायच्या आणि उरलेल्यांमधे एकही भांडण राहू द्यायचं नाही. नोंद म्हणजे ठिपका, भांडण म्हणजे रेषा, असं चित्र काढलं की हा झाला व्हर्टेक्स कव्हर. रिचर्ड कार्प या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली जे २१ प्रॉब्लेम एनपी-कम्प्लीट म्हणून दाखवले, म्हणजे ज्यांना झटपट अचूक सोडवायची पद्धत कोणालाच सापडलेली नाही असे, त्यातला हा एक. कॉलेजात हे शिकलेले होते आणि शिकताना डोक्यात एवढंच बसलं होतं की एनपी-हार्ड (निदान तेवढाच अवघड) म्हटलं की विषय संपला, आता अचूक उत्तर मागायचं नाही, जवळपासचं मिळेल ते घ्यायचं.

म्हणून मी तेच केलं. एखादी रेषा उचलायची, तिची दोन्ही टोकं काढून टाकायची, पुढची रेषा उचलायची. यात एक हमी असते की लागतात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नोंदी कधीच जाणार नाहीत. कागदावर ‘दुप्पट’ ठीक वाटतं हो, पण प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी उभं राहून केलेलं मोजमाप होतं आणि त्यातली निम्मी मी विनाकारण फेकत असेन हे मला झोपू देत नव्हतं.

आमच्याकडे एक सीनियर मॅडम होत्या, त्यांना दाखवलं. त्यांनी चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं, “अगं, पण काढायच्या नोंदी अंदाजे किती असतील?”

“असतील दहा-पंधरा. फार तर वीस.”

“मग अडलंय कुठे?”

मी म्हणाले, “मॅडम, एनपी-हार्ड आहे ना.” त्यावर त्यांनी माझी वही ओढली, मला समजावं म्हणून मोठ्या चित्रातला १७ ठिपक्यांचा एक तुकडा त्यावर उतरवला आणि कुठल्याही एका रेषेवर बोट ठेवलं. “ही रेषा मिटवायची तर हे टोक जाईल किंवा ते टोक जाईल. तिसरा रस्ता आहे का?” नव्हता. “मग दोन्ही करून बघ. हा ठिपका काढ, के मधून एक वजा कर, उरलेल्यात परत एक रेषा उचल. तो रस्ता संपला की मागे ये आणि तो दुसरा काढून बघ. के शून्य झाला आणि तरी रेषा शिल्लक असेल तर तो रस्ता बंद.”

के म्हणजे काढायची परवानगी असलेल्या ठिपक्यांची संख्या. दर पायरीला दोनच फाटे आणि पायऱ्या जास्तीत जास्त के, म्हणजे रस्ते फार तर २ चा के वा घात. मी के ४ धरून बसले. १६ रस्ते, हाताने, पेन्सिलने फुल्या मारत आणि खोडत, पाऊण तास. सोळाच्या सोळा बंद झाले. मग ५ धरून बघितलं आणि मिळालं. त्यातलं पाच मिळाल्याचं मला एवढं वाटलं नाही जेवढं चारमधे होत नाही हे *कळल्याचं* वाटलं. तोपर्यंत मला कायम ‘याहून कमी मिळालं नाही’ असंच म्हणता येत होतं, पहिल्यांदाच ‘याहून कमी असूच शकत नाही’ म्हणता आलं.

आकडे बघा म्हणजे फरक कळेल. हजार ठिपक्यांमधून १० निवडायच्या सगळ्या पद्धती तपासायच्या म्हटलं तर त्या २६ च्या पुढे २२ शून्यं इतक्या होतात, कुठलंच मशीन तिथपर्यंत पोचणार नाही. फाटे फोडत गेलं तर १,०२४ रस्ते आणि प्रत्येक रस्त्यावर चित्रावरून थोडंसं फिरणं. के २० असला तरी साडेदहा लाखांच्या आतले रस्ते, लॅपटॉपला काहीच नाही. आणि यातली खरी गोष्ट अशी की ठिपके हजाराचे लाख झाले तरी रस्ते तेवढेच राहतात, प्रत्येक रस्त्यावरचं काम फक्त त्या प्रमाणात वाढतं. सगळा स्फोट के मधे कोंडलेला. याला एफपीटी म्हणतात, फिक्स्ड पॅरामीटर ट्रॅक्टेबल, आणि हा सगळा विचार पद्धतशीर उभा केला तो रॉड डाउनी आणि मायकेल फेलोज यांनी १९९० च्या दशकात. मला विचाराल तर त्यांनी ‘किती अवघड?’ हा प्रश्न बदलून ‘अवघडपणा नेमका कुठे बसलाय?’ असा केला, आणि तो दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे, कारण खऱ्या कामात आपल्याला समोरच्या गोष्टीबद्दल काहीतरी आधीच माहीत असतं. माझ्या नोंदींमधे चुका थोड्या आहेत हे मला माहीत होतंच की! ती माहिती अल्गोरिदमला द्यायची असते हेच माहीत नव्हतं.

फाटे फोडायच्या आधी चित्र लहान करून घ्यायची युक्ती तर अजूनच साधी आहे. समजा के १० आहे आणि एका ठिपक्याला ११ रेषा आहेत. हा ठिपका ठेवला तर त्याचे अकराच्या अकरा शेजारी काढावे लागतील, तेवढी परवानगी नाही, म्हणजे हा जाणारच, विचार करायची गरज नाही. काढा, के ९ करा, आता १० रेषावाला ठिपका शोधा. असं करत करत थांबलं की उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला के पेक्षा जास्त रेषा नसतात आणि मग के ठिपके मिळून के गुणिले के एवढ्याच रेषा मिटवू शकतात. त्याहून जास्त रेषा उरल्या असतील तर उत्तर ‘नाही’, तिथेच काम बंद. नसतील तर चित्र आता इतकं लहान आहे की मूळचे हजार ठिपके होते की कोटी याने काही फरक पडत नाही. हा नियम सॅम्युएल बस यांचा, आणि जे चित्र उरतं त्याला कर्नल म्हणतात, म्हणजे गाभा. माझ्या नोंदींवर हा नियम चालवला तेव्हा तीन नोंदी लगेच बाहेर पडल्या, त्या तिघींचं जवळजवळ सगळ्यांशी वाकडं होतं, आणि बाकीचं चित्र बघता बघता विरळ झालं.

पुढे लोकांनी फाटे फोडायच्या या पद्धतीला किती घासलंय ते बघून मला खरंच भरून येतं. तीन किंवा जास्त रेषावाला ठिपका घेतला तर एक तर तो जातो किंवा त्याचे सगळे शेजारी जातात, म्हणजे दुसऱ्या फाट्यावर के एकदम निदान तिनाने कमी होतो, आणि असा ठिपकाच नसेल तर उरलेलं चित्र नुसत्या माळा आणि गोल, ते सरळ सुटतं. एवढ्या एका निरीक्षणाने ‘२ चा के वा घात’ मधल्या २ चा १.४६५६ होतो. के ५० धरला तर २ चा ५० वा घात म्हणजे १,१०० लाख कोटींच्या वर, आणि १.४६५६ चा ५० वा घात साधारण २० कोटी. चेन, कांज आणि शिया यांनी ते १.२७३८ वर आणलं, त्याचा ५० वा घात जेमतेम १ लाख ८० हजार! त्यानंतर हॅरिस आणि नारायणस्वामी यांनी १.२५२८४ पर्यंत खाली आणलं. बाहेरून बघणाऱ्याला दशांश चिन्हानंतरची ही झटापट क्षुल्लक वाटेल, पण हा आकडा घाताच्या पायात आहे आणि तिथे कमी झालेला प्रत्येक कण के वेळा गुणला जातो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त दिवस छळत होती. तेच चित्र घ्या आणि प्रश्न उलटा विचारा. किती काढायचे हे न विचारता विचारा की एकमेकांशी भांडण नसलेले के ठिपके *ठेवता* येतील का. हा इंडिपेंडंट सेट. चित्र तेच, भांडणं तीच, हजारातून काढले ते सोडून उरलेले म्हणजेच ठेवलेले, म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू. पण के म्हणजे ठेवायची संख्या धरली की एफपीटी अल्गोरिदम मिळत नाही, हा प्रॉब्लेम डब्ल्यू[१]-हार्ड, म्हणजे या नव्या मोजपट्टीवरही अवघड, आहे आणि तसा अल्गोरिदम नसणारच असं सगळे मानतात. हे मला अन्यायच वाटायचं. नाण्याची एक बाजू उघडते आणि दुसरी का नाही?

खूप दिवसांनी एकदा बसमधे उभ्या उभ्या कळलं. काढायचं असतं तेव्हा प्रत्येक रेषा आपल्याला जाब विचारते, दोघांपैकी कोण जाणार ते सांग, आणि आपल्याला उत्तर द्यावंच लागतं, दोनातलंच द्यावं लागतं. ठेवायचं असतं तेव्हा रेषा फक्त ‘हे दोघे एकत्र नकोत’ एवढंच म्हणते, मग कोणाला घ्यायचं ते सांगतच नाही, हजारातला कोणीही चालेल. जिथे प्रत्येक दोष उत्तर मागतो आणि उत्तरं मोजकी असतात तिथे वाट सापडते. तेव्हापासून कुठलाही व्हर्टेक्स डिलिशनचा, म्हणजे ठिपके काढायचा, प्रॉब्लेम समोर आला की मी आधी बघते, इथला दोष कोणाकडे बोट दाखवतो आणि किती जणांकडे.

आणि असे प्रॉब्लेम ढिगाने आहेत. ठिपके काढा म्हणजे उरलेल्या चित्रात त्रिकोण राहणार नाहीत, किंवा सगळं वेगवेगळ्या घट्ट टोळक्यांमधे विभागलं जाईल, किंवा एकही गोल फेरा राहणार नाही, किंवा चित्र दोन रंगांत असं रंगवता येईल की कुठल्याच रेषेच्या दोन्ही टोकांना एकच रंग नाही. लुईस आणि यानाकाकिस यांनी १९८० साली एका फटक्यात दाखवलं की गुणधर्म अगदीच क्षुल्लक नसेल आणि ठिपके काढल्याने बिघडत नसेल तर हे सगळे प्रॉब्लेम एनपी-हार्डच. एकेक करून नाही, सगळे एकदम. ते वाचून मन खट्टू झालं होतं, पण मग १९९६ सालचं लेइझेन त्साय यांचं काम वाचलं. नको असलेल्या लहान लहान आकृत्यांची यादी संपणारी असेल, तर एक आकृती शोधा, तिच्यातला एक तरी ठिपका जाणारच, तेवढे फाटे फोडा. त्रिकोण नको असेल तर तीन फाटे, ३ चा के वा घात. मॅडमनी वहीत दाखवलेलंच, फक्त रेषेच्या जागी आकृती.

पण गोल फेरे? तिथे हे चालत नाही. फेरा तीन ठिपक्यांचा असेल तसा तीनशेचाही असेल, म्हणजे दोष बोट दाखवतो पण तीनशे जणांकडे, आणि तीनशे फाटे फोडत बसलो तर के मधे कोंडलेला स्फोट बाहेर आलाच. या प्रॉब्लेमला फीडबॅक व्हर्टेक्स सेट म्हणतात. याचं एक उत्तर बेकर, बार-येहुदा आणि गायगर यांनी २००० साली दिलं, ते मला अजूनही अंगावर काटा आणतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी चित्र साफ करा. एकच रेषा असलेला ठिपका कुठल्याच फेऱ्यात नसतो, काढून टाका, के मधून काही वजा नाही. दोनच रेषा असलेला ठिपका नुसता वाटेत उभा आहे, त्याला वगळून त्याच्या दोन शेजाऱ्यांना थेट जोडा. स्वतःशीच जोडलेला ठिपका निघाला तर तो मात्र जाणारच, तो के मधून. असं करत राहिलं की शेवटी प्रत्येक ठिपक्याला निदान तीन रेषांची टोकं असतात. आता डोळे मिटून कुठलीही एक रेषा उचला आणि तिच्या दोन टोकांपैकी कुठलंही एक काढून टाका.

एवढंच. पण हे चालतं का? समजा योग्य ठिपके काढल्यावर १०० ठिपके उरतात. त्यांच्यात फेरा नाही, म्हणून त्यांच्या आपसातल्या रेषा जास्तीत जास्त ९९. प्रत्येकाला निदान तीन टोकं, म्हणजे कमीत कमी ३०० टोकं. आपसातल्या ९९ रेषांनी त्यातली १९८ खाल्ली. उरली निदान १०२ टोकं, ती कुठे गेली? जायला जागा एकच, काढायच्या ठिपक्यांकडे. म्हणजे योग्य ठिपक्यांना लागणाऱ्या रेषा निदान १०२ आणि न लागणाऱ्या फार तर ९९! डोळे मिटून उचललेली रेषा निम्म्याहून जास्त वेळा योग्य ठिपक्याला लागलेली असते, आणि तिचं बरोबर टोक निवडायची शक्यता निदान निम्मी, म्हणजे दर पायरीला चारात एक. के पायऱ्या बरोबर पडायच्या तर साधारण ४ चा के वा घात इतक्या वेळा परत परत करायचं, आणि खात्री वाढवायची तर अजून काही पट. उत्तर मिळालं की ते खरंच असतं, फेरा उरला नाही हे तपासता येतं, चुकायची शक्यता फक्त असून न सापडण्यात.

मी हे पहिल्यांदा स्वतः ताडून बघितलं तेव्हा १०२ आणि ९९ हे आकडे कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. आपल्याला काहीही माहीत नसताना, आंधळेपणाने बोट ठेवलं तरी ते बरोबर जागी पडतं, कारण आधी साफसफाई केलेली असते. निवड हुशार नाहीये, हुशारी सगळी झाडलोटीत आहे.

दोन रंगांचा प्रॉब्लेम, म्हणजे विषम लांबीचे फेरे मोडायचा, मात्र कितीतरी वर्षं असा कशालाच बधला नाही. तो सुटला २००४ मधे, रीड, स्मिथ आणि व्हेट्टा यांच्या तीन पानांच्या पेपरमधे. हो, तीन पानं. त्यातली कल्पना व्हर्टेक्स कव्हरवर सांगते, तिथे ती स्वच्छ दिसते. समजा आपल्या हातात एकाने जास्त असं उत्तर आहे, के च्या ऐवजी के अधिक १ ठिपक्यांचं. नवं, लहान उत्तर यातले काही ठेवेल आणि काही सोडेल, कुठले ते माहीत नाही, पण शक्यता २ चा (के + १) वा घात एवढ्याच, सगळ्या बघा. जे सोडले त्यांच्या आपसात रेषा असेल तर ती शक्यता बाद. नसेल तर सोडलेल्यांचे बाहेरचे सगळे शेजारी घ्यावेच लागतील, तिथे निवडायला काही उरतच नाही. एकूण के च्या आत बसलं तर झालं.

पण ते एकाने जास्तीचं उत्तर आणायचं कुठून? इथे मी खुर्चीतून उठले होते. पहिले के ठिपकेच चित्रात आहेत असं धरा, सगळेच काढा, उत्तर तयार. आता एक ठिपका आत आणा. जुनं उत्तर आणि हा नवा, झालं एकाने जास्तीचं. ते वरच्या युक्तीने आवळा, म्हणजे परत के वर आणा. पुढचा ठिपका आणा, परत आवळा. कधी आवळता आलंच नाही तर पूर्ण चित्रातही येणार नाही, तिथे ‘नाही’ म्हणून थांबा. दोन रंगांच्या प्रॉब्लेममधे हेच, फक्त सोडलेल्या ठिपक्याला कुठला रंग हेही ठरवायचं, म्हणून तीन पर्याय आणि ३ चा घात, आणि मग बाकीचं काम मिनिमम कट, म्हणजे चित्राचे दोन भाग कमीत कमी तोडून वेगळे करायची ओळखीची पद्धत, करतो. मी आयुष्यभर कोऱ्या पानावरून परिपूर्ण उत्तराकडे उडी मारायला बघत होते, आणि इथे किंचित वाईट उत्तर हातात असणं हीच मदत होती.

सगळंच असं सुटतं असं नाही हे पण सांगायला हवं. चाकासारख्या आकृत्या, म्हणजे एक फेरा आणि मधल्या ठिपक्यापासून त्यातल्या प्रत्येकाला आरे, या मोडायच्या असतील तर एफपीटीची आशा नाही असं डॅनिएल लोक्श्तानोव्ह यांनी २००८ मधे दाखवलं. गोल फेरे मोडता येतात आणि चाकं नाही! दोन्ही याद्या न संपणाऱ्या, दिसायला सारख्या, आणि मधे एवढी दरी.

आणि मग बाणांचा प्रॉब्लेम. रेषांना दिशा दिली, म्हणजे हा त्याची वाट बघतोय आणि तो तिसऱ्याची, आणि वाट बघणाऱ्यांचे फेरे मोडायचे. तो एफपीटी आहे का हा प्रश्न कितीतरी वर्षं पडून होता, २००८ मधे चेन, लिउ, लू, ओ’सुलिव्हन आणि राझगॉन या पाच जणांनी सोडवला, आणि त्यातही गाभ्यात तेच एकेक ठिपका आणून आवळणं आहे. पण बस यांच्या नियमासारखी झाडलोट करून चित्र के च्या एखाद्या ठरावीक घाताएवढं लहान करता येतं का, ते अजून कोणी दाखवलेलं नाही, आणि येत नाही हेही नाही.

जुन्या वहीच्या त्या १७ ठिपक्यांच्या समोरचं पान कोरंच होतं, म्हणून तिथे मी परवा बाणांचं एक चित्र काढून घेतलंय. १२ ठिपके. ज्याच्याकडे एकच बाण येतो त्याला बाण पाठवणाऱ्यात मिसळून टाकायचं, ज्याच्याकडून एकच बाण निघतो त्याला बाण जातो त्याच्यात. तीन ठिपके असे गेले, एक स्वतःकडेच बाण असलेला निघाला, तो काढला आणि के मधून एक वजा केला. आठ उरलेत. प्रत्येकाकडे निदान दोन बाण येतात आणि निदान दोन जातात, नियम सगळे लावून झालेत, आणि मी पेन्सिल हातात धरून त्यातल्या एका ठिपक्याकडे बघतेय, ज्याचे आत-बाहेरचे सगळे बाण त्याच दोघा-तिघांशी आहेत.